माझ्या डाव्या तळव्यातली तंबाखू

रमजानचा महिना होता, थंडीचे दिवस होते आणि औंढ्यातल्या एका ओसरीवर बसून मी बायकांना माझ्या रोज्याचं कौतुक सांगत होतो.

मी मन्यार. बांगड्या भरणं हा आमचा बापजाद्यांचा धंदा. घर लोणावळ्यात, पण आठवडाभर खांद्यावर काचेच्या बांगड्यांच्या माळा नि हातात पेटी घेऊन मावळातल्या गावांतून फिरायचं. त्या दिवशी घरधनिणीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. मी हात जोडून म्हणालो, "नको मावशी. रोजा आहे. दिवस मावळेपर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा नाही."

बायका म्हणाल्या, "अगं बया! पानीबी न्हाई?"

मला चेव आला. मी म्हटलं, "तहानेचं काय घेऊन बसलात? खरा उपास मनाचा असतो. मन म्हणजे घोडं. त्याचा लगाम आपल्या हातात पाहिजे." असं बरंच बोललो. बायका एकेक करून पदर तोंडाला लावायला लागल्या. मला वाटलं, बोलणं काळजाला भिडतंय. मग सारजामावशी म्हणून एक म्हातारी होती, ती म्हणाली, "मन्यारभाऊ, घोडं ऱ्हाऊ द्या. तुमच्या तोंडात काय हाये ते बगा आदी."

मी जिभेनं चाचपलं. डाव्या गालात तंबाखूची चिमूट होती.

कुणी घातली? मीच घातली. तोंड उपदेश करत होतं तेवढ्यात हातानं बंडीच्या खिशातून चंची काढली होती, डाव्या तळव्यावर तंबाखू घेतली होती, नखानं चुना लावला होता, अंगठ्यानं मळून, थापटून, फुंकर मारून ती जागेवर पोचवलीही होती. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. ओसरीवरच्या सगळ्या बायकांना माहीत होतं.

धावत अंगणात जाऊन थुंकलो, खळखळून चूळ भरली. डाव्या गालात आतून अशी आग झाली की डोळ्यांना पाणी आलं. चुळीच्या पाण्यात रक्त होतं.

*

संध्याकाळी मशिदीतल्या मौलानांना जाऊन विचारलं. ते गंभीर माणूस, पण माझी हकिकत ऐकून दाढी धरून हसले. म्हणाले, "विसरून तोंडात गेलं आणि आठवताच थुंकलं, तर रोजा तुटत नाही. काळजी करू नका." मी सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात म्हणाले, "पण तुम्ही विसरलात, तुमचा हात कुठं विसरला? त्याच्यावर माझ्याकडे इलाज नाही. आणि ते रक्त डॉक्टरला दाखवा."

हे सगळं मी आज लिहितो आहे ते ज्यांच्या खिशात चंची, डबी किंवा बिडीचं बंडल आहे त्यांच्यासाठी. मी काही वैद्य नाही. मला ठाऊक आहे ते एवढंच, की माणूस तंबाखू खातो असं म्हणतात ते माझ्या बाबतीत खरं नव्हतं. माझ्याकडे ती राहायलाच आली होती नि घरमालक मी भाडेकरूसारखा कोपऱ्यात बसून होतो.

मिसरूड फुटायच्या आधी मामाच्या चंचीतून पहिली चिमूट घेतली, त्या दिवशी ओकलो. दुसऱ्या दिवशी परत घेतली. तिथून पुढं डोळा उघडला की चिमूट, चहाआधी एक, चहानंतर एक, शौचाला जाताना एक, कारण तिच्यावाचून तेही काम अडायचं. धंद्यात तर विचारूच नका. गिऱ्हाईक समोर बसलं की आधी तळवा मळायचा, मग तिचा हात हातात घ्यायचा.

बांगडी भरणं म्हणजे जवळचं काम. बाईचा हात दाबून दाबून मऊ करायचा, अंगठा तळव्यात मुडपायचा आणि काच हाडावरून हळूच फिरवत न्यायची. मन्याराच्या नि गिऱ्हाइकाच्या तोंडात वीतभर अंतर. पण आमच्या मावळातल्या बायका इतक्या मर्यादेच्या, की हात माझ्याकडे आणि तोंड पार उंबऱ्याकडे. एकही बाई कधी समोर बघायची नाही. वडिवळ्याच्या तर जास्तच. पदराचं टोक नाकावर धरून बसत. मी गाडीत भेटेल त्याला सांगायचो, "कुलीनता बघायची असेल तर वडिवळ्याला जा."

हे घरी हलीमाला, म्हणजे माझ्या बायकोलाही सांगायचो. ती ऐकून घ्यायची आणि चुलीतलं लाकूड उगाच पुढंमागं करायची. तिच्या स्वतःच्या हातात मी कधी बांगडी भरली नव्हती. लग्न झाल्यापासून ती दर ईदला तिच्या भावाकडून भरून घ्यायची. तोही मन्यारच. मी एकदोनदा विचारलं, तर म्हणाली, "माहेरच्या हाताची सवय आहे." मला तो माहेरचा अभिमान वाटला. बायकांना असतो.

*

ईद झाली आणि हलीमा मला मिशनच्या दवाखान्यात घेऊन गेली. घेऊन गेली म्हणजे पुढं ती आणि मागं मी.

डॉक्टरीणबाई मराठीच होत्या. कपाळावर गोल आरसा बांधून त्यांनी माझं तोंड उघडायला लावलं. बराच वेळ आत बघितलं. मला वाटलं, एवढं बघण्यासारखं आत काय आहे?

"तंबाखू किती वेळा खाता?"

"कधीमधी."

मागून हलीमा म्हणाली, "झोपेत सोडून."

डॉक्टरीणबाईंनी आरसा काढला. म्हणाल्या, "गालाच्या आत पांढरा डाग आहे. तंबाखू धरून ठेवता तिथंच. शेजारची मोडकी दाढ त्याला घासते. अजून हा डागच आहे. दाढ काढू, औषध लावू. तंबाखू गेली तर बहुतेक तोही जाईल. पण तंबाखू राहिली तर एक दिवस तो नुसता डाग राहायचा नाही. मग मुंबईला जाऊन गाल कापावा लागेल, आणि कापल्यावर सुटाल असंही मी सांगणार नाही."

काहीतरी बोलावं म्हणून मी बोललो. जे बोललो ते हलीमा अजून पाहुण्यांना सांगते.

मी विचारलं, "मग त्याऐवजी बिडी ओढली तर चालेल का?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे न बघता हलीमाला विचारलं, "घरी कर्तं माणूस कोण आहे?"

"मीच," हलीमा म्हणाली.

परत येताना रेल्वेच्या फाटकाशी थांबलो. पुण्याची गाडी घाट चढून आली होती. विजेचं इंजिन. पूर्वी याच फाटकाशी धुरानं डोळे चुरचुरायचे. हलीमा म्हणाली, "बघा. एवढं लोखंडाचं धूड, पण त्यानंही कोळसा सोडला."

त्या दिवशी मला मरणाची भीती वाटली असं लिहिलं तर शोभून दिसेल. मरणाचीही वाटली, पण ती जेवणानंतर. आधी वाटली ती ही, की उद्या सकाळ तंबाखूशिवाय कशी उजाडणार? माझा गाल, माझी जीभ, माझा जीव एका पारड्यात आणि चिमूटभर वाळकं पान दुसऱ्या, आणि माझा काटा हलता हलत नव्हता. ज्याला हे व्यसन नाही त्याला हे वेडेपण वाटेल. ज्याला आहे तो हसणार नाही.

*

दाढ काढायला आणि डागावर औषध लावायला म्हणून त्यांनी मला आठवडाभर ठेवून घेतलं. खरं कारण वेगळं होतं. दारातच मोठ्या नर्सबाईंनी माझे खिसे उलटे करायला लावले. चंची निघाली, चुन्याची डबी निघाली, टोपीच्या घडीतून राखीव पुडी निघाली. ते सगळं त्यांनी हलीमाच्या ओच्यात टाकलं. मी म्हटलं, "जपून ठेव." हलीमा "हो" म्हणाली आणि फाटकाबाहेरच्या ओढ्यात सोडून आली.

दवाखान्याचा दिवस फिनेलच्या वासानं सुरू व्हायचा. मग पेज, मग गालावर औषधाचा बोळा. तो असा झोंबायचा, की औंढ्याची चूळ परवडली. मग डोकं दुखायचं, हातापायांना मुंग्या यायच्या आणि सगळ्या जगाचा राग यायचा. पेज पातळ म्हणून राग, दाट म्हणून राग. शेजारच्या खाटेवरचा माणूस श्वास घ्यायचा त्याचाही राग.

तो माणूस म्हणजे धोंडूआबा. औंढ्याच्या वरच्या ठाकरवाडीचे. करवंदाच्या जाळीतून घसरून पाय मोडून आले होते. पाय फळीला बांधलेला, पण तोंड मोकळं.

दुसऱ्या का तिसऱ्या दुपारी ते हळूच म्हणाले, "मन्यारभाऊ, लय त्रास व्हतोय न्हवं?"

"होतोय आबा."

"तळव्याला कळ येती?"

माझा अंगठा डाव्या तळव्यावर गोल गोल फिरत होता. रिकामाच. मी मान हलवली.

आबांनी इकडंतिकडं बघितलं, मुंडाशाचा एक पदर सोडला आणि त्यातून तंबाखूचं पान काढलं. काळंशार, कडक. नर्सबाईंनी माझे खिसे बघितले होते, पण आबांच्या डोक्याला हात लावला नव्हता. मला ते पान दिसलं आणि खरं सांगतो, ईदचा चांद दिसल्यावर झाला नव्हता एवढा आनंद झाला.

"पर येक अडचन हाये," आबा म्हणाले. "चुना न्हाई. चुन्याबिगर मजा न्हाई. माजा पाय बांदल्याला, न्हाईतर मी कवाच काडला आस्ता."

"कुठून काढला असता?"

त्यांनी हनुवटीनं माझ्या खाटेमागची भिंत दाखवली. पांढरीशुभ्र. चुन्यानं रंगवलेली.

माणसाची अक्कल तंबाखूच्या कामी किती चालते बघा. मी गुडघ्यावर बसलो, खाट जराशी पुढं ओढली आणि अंगठ्याच्या नखानं भिंत कोरायला लागलो. पांढरी भुकटी तळव्यावर पडायला लागली. आबा मागून सूचना देत होते, "आजून येवडा. बास. बास!" आणि तेवढ्यात माझी नजर खाली गेली.

खाटेच्या आडोशाला, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, भिंत आधीच कोरलेली होती. एका जागी नाही, चांगली हातभर. नखांचे ओरखडेच ओरखडे. काही जुने, मळलेले, काही ताजे. माझं नख त्यांच्यातल्याच एकात बरोबर बसलं होतं.

"काय शोधताय?"

दारात नर्सबाई उभ्या. मी भुकटी मुठीत लपवली. आबांनी डोळे मिटून घोरायला सुरुवात केली.

नर्सबाई रागावल्या नाहीत. त्यांनी भिंतीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दर वर्षी रंग देतो, दर वर्षी हे होतं. खालचे नवे ओरखडे मागच्या माणसाचे. याच खाटेवर होता. गाल कापून आला होता मुंबईहून. तोंडाला पट्टी, पाणी नळीनं पाजायचो. तंबाखू ठेवायला गाल नव्हता उरला, तरी बसून भिंत कोरायचा."

"तंबाखू कुठली मिळायची त्याला?" मी विचारलं.

"मिळायची नाहीच. नुसता चुना तळव्यावर मळत बसायचा."

त्या गेल्या. मी मूठ उघडली. माझ्या तळव्यावर चिमूटभर पांढरी भुकटी होती. ती मी जवळ तंबाखू नसतानाही मळायला घेतली होती; पान अजून आबांच्याच हातात होतं.

आबा एक डोळा उघडून म्हणाले, "ग्येली का? घ्या आता."

"नको आबा."

"का वं?"

मी हात धुवायला उठलो. साबणानं धुतला, राखेनं धुतला. परत आलो तर आबा पान परत मुंडाशात खोवत होते. म्हणाले, "तुमी न्हाई तर मीबी न्हाई आज. येकट्यानं खान्यात काय चव?" आज, असं म्हणाले होते. उद्याचं त्यांनी काही कबूल केलं नव्हतं आणि मी विचारलं नाही.

*

घरी आलो आणि खरी परीक्षा सुरू झाली, माझी नव्हे, घरच्यांची. मी मीठ कमी म्हणून ताट सरकवलं, मीठ बरोबर होतं. शेजाऱ्याचा कोंबडा आरवला म्हणून शेजाऱ्याशी भांडलो. हलीमा सारं ऐकून घ्यायची. एकदाच म्हणाली, "तंबाखू सोडलीत की माणुसकी?"

बडीशेप दिली, लवंग दिली. तोंडाची समजूत पटायची. हाताची पटेना. बसलो की तळवा आपोआप उघडायचा, अंगठा फिरायला लागायचा. हलीमा ते बघत होती. एक दिवस ती आमच्या आळीतल्या गुडदाणीवाल्याकडून भाजलेले शेंगदाणे सुपात भरून घेऊन आली. गुडदाणीला, म्हणजे चिक्कीला, दाणे सोललेले लागतात. त्यानं ते काम बायकांना वाटून दिलेलं असायचं.

"घ्या," ती म्हणाली.

मी मूठभर दाणे डाव्या तळव्यावर घेतले. अंगठ्यानं मळले. उजव्या हातानं थापटले. फुंकर मारली. लाल सालपटं उडाली, दाणे पांढरे राहिले.

मी हलीमाकडे बघितलं. मळणं तेच, थापटणं तेच, फुंकरही तीच. फक्त शेवटी तोंडात घालायची वस्तू वेगळी. आणि तीही घातली तर गुडदाणीवाल्याचं नुकसान, आणखी काही नाही.

त्यानंतर आमच्या घरात सालपटांचा असा पाऊस पडला, की हलीमा दिवसातून चारदा केर काढायची. गुडदाणीवाला म्हणाला, "मन्यारभाऊ, एवढ्या सफाईनं तर माझ्या घरच्या बायकाही सोलत नाहीत." मी म्हटलं, "तालीम जुनी आहे."

*

लग्नसराई आली. वडिवळ्याच्या एका घरून निरोप आला, की मुलीचा हिरवा चुडा भरायचा आहे. कामशेतला उतरून चालत गेलो. मांडवात नवरी बसली होती, तोंड नेहमीप्रमाणे उंबऱ्याकडे. भोवती आयाबाया, त्याही दुसरीकडे बघत. मी तिचा हात घेतला आणि माझाच हात थरथरायला लागला.

असं कधी झालं नव्हतं. आजवर चुडा भरायच्या आधी चिमूट लागायची. आज ती नव्हती आणि बोटं तिची वाट बघत होती. पहिली बांगडी तडकली. दुसरी तडकली. नवरीच्या आईचा चेहरा उतरला. कुणीतरी म्हातारी सावरून घेत म्हणाली, "वाडली गं वाडली, चांगलं आस्तंय." चुड्याची काच फुटली असं म्हणायचं नसतं. पण तिसरी वाढली तेव्हा ती उठून आत गेली.

कसाबसा चुडा पुरा केला. परत येताना कामशेतच्या बाजारात एक ओळखीचा भेटला. त्यानं विचारलंही नाही, सरळ मळलेली चिमूट पुढं केली आणि मी घेतली.

खोटं कशाला सांगू? गोड लागली. एवढी गोड, की मी स्टेशनाच्या भिंतीला टेकून डोळे मिटले. मग डोकं गरगरलं आणि मामाच्या चंचीतल्या पहिल्या चिमटीच्या वेळी झालं होतं तेच झालं. गाडी आली तेव्हा मी चूळ भरत होतो. लोणावळ्यापर्यंत जीभ सारखी त्या डागावरून फिरवत राहिलो. तो गेला होता, का होता, का वाढला होता? जिभेला काही कळेना.

घरी येऊन हलीमाला सांगितलं. चुड्याचं सांगितलं, चिमटीचं सांगितलं. म्हटलं, "रागाव."

ती म्हणाली, "रागावायला सांगितलं नसतंत तर रागावले असते."

"माझे हात गेले, हलीमा. धंद्यापुरती तरी घेऊ दे. भरायच्या आधी एक चिमूट. बाकी नाही."

"आणि डॉक्टरीणबाई गाल बघतील तेव्हा सांगाल, धंद्यापुरताच डाग आहे?"

मी म्हटलं, "मग सरावाला तुझा हात दे. तुझ्या हातात बांगड्या भरून बघतो."

ती चुलीकडे वळली. म्हणाली, "माझा हात काय सरावाला आहे? मुसळ घ्या."

मी मुसळ घेतलं. हसू नका. भिंतीला टेकवून, त्याच्या टोकावर रोज जुन्या बांगड्या चढवायच्या नि उतरवायच्या. मुसळ तक्रार करत नाही, तोंडही फिरवत नाही. हळूहळू बोटं समजली, की चिमूट येणार नाही. काम तिच्याशिवायच करायचं आहे. कंप कमी झाला, मग गेला. राग त्याच्या आधीच गेला होता. शेजाऱ्याच्या कोंबड्याची मी माफी मागितली नाही, पण शेजाऱ्याची मागितली.

आणि जेवणात चव आली. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आंबेमोहोराचा भात मी जन्मभर खाल्ला. त्या उन्हाळ्यात एक दिवस हलीमानं भाताचं झाकण काढलं आणि मी विचारलं, "आज काय घातलंस यात? वास कसला सुरेख येतोय!" ती म्हणाली, "काही नाही. तांदूळच आहे."

*

ज्येष्ठ संपता संपता दवाखान्यात गेलो. बाहेर धुकं इतकं, की टेकडीवरचा दवाखाना पायऱ्या लागेपर्यंत दिसला नाही. हलीमा बाकावर बसली, ओठ हलत होते. मी आत गेलो.

डॉक्टरीणबाईंनी आरसा बांधला. "आ करा." मी आ केला. त्या बघत राहिल्या. मान तिरकी करून बघितलं. बोटानं गाल ताणून बघितलं. त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर अल्लाचं नाव यायला हवं होतं. ती भिंत आली, ते ओरखडे.

"कुठल्या गालात होता हो?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडंच ठेवून डावीकडे बोट दाखवलं.

"मग मला का सापडत नाही?" आणि त्या हसल्या. "गुलाबी आहे सगळं. लहान पोरासारखं. सहा महिन्यांनी परत दाखवायचं, पण आज पेढे वाटा."

मी बाहेर आलो आणि हलीमासमोर जाऊन उभा राहिलो. मग नुसतंच तोंड मोठं उघडून तिला दाखवलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात, चार रोगी बघत असताना, माझ्या बायकोनं माझ्या तोंडात वाकून बघितलं. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "मिटा आता. माशी जाईल."

पेढ्यांऐवजी गुडदाणी वाटली. दाणे मीच सोललेले होते. एक मोठा तुकडा धोंडूआबांना वाडीवर पाठवला. त्यांचा उलट निरोप आला, "ग्वाड हाये, पर चुना कमी पडला."

*

श्रावणात पंचमीच्या बांगड्या भरायला वडिवळ्याला गेलो. खाचरांतून लावणी झालेली, सगळीकडे हिरवंगार, बायका निवांत. मनात धाकधूक होती, की त्या तीन बांगड्या कुणी विसरलं नसेल. पण पहिलीच बाई समोर येऊन बसली, हात पुढं केला आणि चक्क माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "मन्यारभाऊ, बरं हाय का आता? वाळला की वं!"

मी चमकलो. दुसरी बसली, तीही समोर बघून. तिनं सासूची गाऱ्हाणी सांगितली. तिसरीनं तर एवढं हसवलं, की माझी बांगडी मध्येच थांबली. नाकावर पदर कुणाच्याच नाही. पेटी रिकामी झाली, एकही काच वाढली नाही, पण माझं मन काही ठिकाणावर नव्हतं.

घरी आल्यावर जेवताना हलीमाला म्हटलं, "दिवस बदलले गं. वडिवळ्याच्या बायकांत आता पूर्वीची मर्यादा राहिली नाही. सरळ तोंडाकडे बघून बोलतात. एवढ्या वर्षांत एका बाईनं कधी मान वर केली नव्हती."

हलीमाचा घास हातातच राहिला. तिनं माझ्याकडे बघितलं, मी थट्टा करतोय का ते नीट पारखलं. मी थट्टा करत नव्हतो. मग ती उठली, हात धुतले, पेटीतला उरलेला हिरव्या बांगड्यांचा जोड काढला आणि माझ्यासमोर येऊन बसली. हात पुढं केला.

"भावाकडून नाही?" मी विचारलं.

"भरा."

मी तिचा हात घेतला. इतकी वर्षं पोळ्या लाटणारा, केर काढणारा, माझी चंची ओढ्यात टाकणारा हात. दाबून मऊ केला, अंगठा मुडपला, काच फिरवली. एक गेली, दुसरी गेली. वीतभर अंतरावर तिचं तोंड होतं आणि ते उंबऱ्याकडे वळलेलं नव्हतं.

मी हळूच विचारलं, "तुलाही लाज वाटत नाही?"

तिनं हात वर करून बांगड्या वाजवून बघितल्या आणि म्हणाली, "अहो, कसली लाज आणि कसली मर्यादा! त्या बिचाऱ्या श्वास धरून बसायच्या. त्यांना डझनभर बांगड्यांपुरताच धरावा लागायचा. मी लग्न झाल्यापासून धरला होता, तो आज सोडला."